प्रकाशसंश्लेषण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विद्यार्थी, पालक, शिक्षक आणि कुंड्यांना जीव लावणारी मंडळी यांच्याकडून येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीचे सोपे आहेत, पुढचे अडचणीचे. एका उत्तरात येऊन गेलेली गोष्ट पुन्हा न सांगता तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय, थोडक्यात सांगाल का?

हवेतला कार्बन डायऑक्साइड आणि मुळांनी ओढून घेतलेलं पाणी यांपासून, प्रकाशाची ऊर्जा वापरून, वनस्पती साखर बनवते. या कामात पाण्याचे रेणू फुटतात आणि त्यांतला ऑक्सिजन बाहेर पडतो. साखर ही झाडाची कमाई आणि ऑक्सिजन हा कारखान्यातून निघणारा टाकाऊ माल. तो आपल्या उपयोगाचा आहे म्हणून आपण त्याचं कौतुक करतो, पण झाड ऑक्सिजन ‘देण्यासाठी’ काहीही करत नाही. पुढचे निम्मे गैरसमज या एका गोष्टीपाशी येऊन थांबतात, म्हणून ती आधीच सांगून टाकली.

२. झाड आपलं अन्न मातीतून घेतं ना? मग खत म्हणजे झाडाचं अन्नच झालं की!

नाही. झाडाचं शरीर मुख्यतः हवेतून बनतं. लाकूड पूर्ण वाळवून तोललं तर त्यात साधारण निम्मा कार्बन असतो आणि तो सगळा हवेतून आलेला असतो. उरलेल्यात बहुतेक वाटा ऑक्सिजन आणि हायड्रोजनचा. मातीतून आलेली खनिजं म्हणजे लाकूड जळल्यावर खाली उरते ती चिमूटभर राख. (नायट्रोजनही मातीतूनच येतो, पण जळताना तो उडून जातो.)

हे पटायला जड जातं, आणि ते साहजिक आहे. व्हान हेल्मॉन्ट या संशोधकाने २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि पाच वर्षं फक्त पाणी घातलं. झाड १६९ पौंडांचं झालं, माती जेमतेम २ औंसांनी कमी भरली. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये प्रसिद्ध झाला. माती नाही म्हणजे पाणीच, असा निष्कर्ष त्याने काढला. गंमत अशी, की ‘गॅस’ हा शब्द याच माणसाने रूढ केला आणि कोळसा जळताना निघणाऱ्या वायूचं वर्णनही त्यानेच केलं होतं. उत्तर त्याच्या हाताशी होतं, पण झाडाशी त्याचा संबंध काही त्याला जोडता आला नाही.

मग खत कशाला? नायट्रोजन नसेल तर प्रथिनं बनत नाहीत, मॅग्नेशियम नसेल तर हरितद्रव्य बनत नाही. खत म्हणजे कारखान्याची यंत्रं आणि सुटे भाग. कच्चा माल वेगळा.

३. बाहेर पडणारा ऑक्सिजन कार्बन डायऑक्साइडमधला की पाण्यातला?

पाण्यातला. पूर्वी अनेक शास्त्रज्ञांना उलट वाटायचं: कार्बन ठेवून घेतला, ऑक्सिजन सोडून दिला, हिशेब सरळ. या समजाला पहिला धक्का दिला तो गंधकावर जगणाऱ्या जीवाणूंनी. ते पाण्याऐवजी हायड्रोजन सल्फाइड वापरतात आणि ऑक्सिजनऐवजी गंधक टाकतात. यावरून व्हान नील यांनी १९३० च्या सुमारास तर्क मांडला, की वनस्पतींतही फुटत असेल ते पाणीच. १९४१ मध्ये रुबेन, केमन आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजन-१८ हा जड समस्थानिक (त्याच मूलद्रव्याचा जास्त वजनाचा अणू) असलेलं पाणी शैवालाला दिलं, तेव्हा बाहेर पडलेल्या वायूत तोच जड ऑक्सिजन मिळाला.

ग्लुकोजचा एक रेणू बनण्याच्या समीकरणात डावीकडे पाण्याचे ६ रेणू लिहायचे की १२, हा प्रश्नही यातूनच येतो. प्रक्रियेत १२ रेणू खर्च होतात आणि ६ नव्याने तयार होतात. निव्वळ हिशेब लिहिलात तर ६ बरोबर, प्रत्यक्ष घडतं ते दाखवायचं तर १२.

४. पानाच्या आत हे नेमकं कुठे आणि कसं घडतं?

पेशींमधल्या हरितलवकांत. हरितलवक म्हणजे पातळ आवरणाची एक थैली. आत चकत्यांच्या चळती रचाव्यात तशी पटलं असतात, त्यांना थायलॅकॉइड म्हणतात. त्यांच्याभोवतीचा दाट द्रव म्हणजे स्ट्रोमा. काम दोन पाळ्यांत चालतं आणि दोन्ही पाळ्यांची जागा वेगळी.

पहिली पाळी थायलॅकॉइडच्या पटलावर. शेकडो हरितद्रव्य रेणू मिळून प्रकाश गोळा करतात आणि त्याची ऊर्जा एका केंद्राकडे सरकवतात. त्या केंद्रातून इलेक्ट्रॉन उडतो आणि जागा रिकामी होते. ती भरायला इलेक्ट्रॉन हवा, तो पाण्याकडून ओढला जातो. पाणी ही काही सहज फुटणारी वस्तू नव्हे. ते फोडायला मँगनीजचे ४ आणि कॅल्शियमचा १ अणू असलेला एक छोटासा पुंजका असतो. तो पाण्याच्या दोन रेणूंतून एकेक करून चार इलेक्ट्रॉन काढतो आणि मगच ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो. मला विचाराल तर या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत थक्क करणारं यंत्र हेच.

सुटलेला इलेक्ट्रॉन एका साखळीतून पुढे जातो, वाटेत प्रकाशाचा आणखी एक धक्का खातो आणि शेवटी एनएडीपीएच या रेणूत जाऊन बसतो. दरम्यान थायलॅकॉइडच्या पोकळीत प्रोटॉन साचतात. धरणातलं पाणी जनित्रावर सोडावं तसे ते एका फिरत्या विकरातून (विकर म्हणजे पेशीतली अभिक्रिया घडवून आणणारं प्रथिन) बाहेर पडतात आणि त्या फिरण्यातून एटीपी तयार होतं. एटीपी म्हणजे ऊर्जेची सुटी नाणी, एनएडीपीएच म्हणजे इलेक्ट्रॉनची पुरचुंडी. या दोन्ही घेऊन दुसरी पाळी स्ट्रोमात सुरू होते. तिथे कार्बन डायऑक्साइडपासून साखरेचा सांगाडा बांधला जातो.

५. दुसऱ्या टप्प्याला ‘अंधारातील अभिक्रिया’ म्हणतात. म्हणजे ती रात्री होते का?

नाही, आणि हे नाव एकदाचं टाकून द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे. या टप्प्यात प्रकाश थेट वापरला जात नाही, एवढाच त्याचा अर्थ. तो चालतो दिवसाच, कारण त्याला लागणारं एटीपी आणि एनएडीपीएच पहिल्या पाळीतून येतं आणि त्याचा साठा फार टिकत नाही. शिवाय यातली काही विकरं उजेड पडल्यावरच जागी होतात आणि अंधार झाला की बंद पडतात. ‘कॅल्विन चक्र’ हे नाव वापरावं.

६. कॅल्विन चक्रात काय होतं? रुबिस्को हे नाव सारखं ऐकू येतं, ते काय आहे?

रुबिस्को हे विकर हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडतं आणि पाच कार्बनच्या एका रेणूला जोडतं. तयार झालेला सहा कार्बनचा रेणू टिकत नाही, लगेच त्याचे तीन-तीन कार्बनचे दोन तुकडे होतात. या तुकड्यांवर एटीपी आणि एनएडीपीएच खर्च होऊन साध्या साखरेचे रेणू बनतात. कार्बन डायऑक्साइडचे तीन रेणू आत आले, की तीन कार्बनचा एक साखर-रेणू निव्वळ नफा म्हणून हाती लागतो. खर्च ९ एटीपी आणि ६ एनएडीपीएच. बाकीचे तुकडे पुन्हा पाच कार्बनचा मूळ रेणू घडवायला जातात, म्हणून चक्र.

हे उलगडलं कॅल्विन, बेन्सन आणि बॅशम यांनी. किरणोत्सारी कार्बन-१४ शैवालाला द्यायचा, काही सेकंदांत शैवाल गरम अल्कोहोलमध्ये सोडून मारायचं आणि तो कार्बन कोणत्या रेणूपर्यंत पोचला ते बघायचं, अशी युक्ती. १९६१ चं नोबेल मात्र एकट्या कॅल्विन यांना मिळालं.

आता रुबिस्कोचा स्वभाव. ते कमालीचं संथ आहे, सेकंदाला मोजक्याच अभिक्रिया. वेगाची उणीव झाड संख्येने भरून काढतं. अनेक पानांत विरघळणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्यापर्यंत एकटं रुबिस्कोच असतं. त्यात ते धांदरटही आहे. कार्बन डायऑक्साइडऐवजी कधी कधी ऑक्सिजन पकडतं, आणि मग ती चूक निस्तरण्यात झाडाची ऊर्जा जाते आणि हाती आलेला काही कार्बनही निसटतो. याला प्रकाशश्वसन म्हणतात. उन्हाचा ताप वाढला की ही चूक वाढते. रुबिस्को घडलं तेव्हा हवेत ऑक्सिजन जवळपास नव्हताच, त्यामुळे दोघांतला फरक काटेकोर ओळखण्याची गरजही नव्हती.

७. पानं हिरवी दिसतात म्हणजे हिरवा प्रकाश झाडाला चालत नाही, बरोबर?

अर्धवट बरोबर. हरितद्रव्य निळा आणि लाल प्रकाश सर्वांत जास्त शोषतं. एंगेलमान यांनी १८८० च्या दशकात हे फार देखण्या रीतीने दाखवलं होतं. त्यांनी शैवालाच्या धाग्यावर लोलकातून रंगपट्टा पाडला आणि पाण्यात ऑक्सिजनकडे धावणारे जीवाणू सोडले. जीवाणूंची गर्दी झाली ती लाल आणि निळ्या भागात.

पुस्तकातला शोषणाचा आलेख मात्र द्रावणात विरघळवलेल्या हरितद्रव्याचा असतो. अख्ख्या पानाची गोष्ट निराळी. पानात शिरलेला हिरवा प्रकाश पेशींमध्ये इकडून तिकडे आपटत राहतो आणि शेवटी त्यातला बराचसा शोषला जातोच. उलट लाल-निळा प्रकाश वरच्या थरातच संपतो, तर हिरवा खालच्या थरांपर्यंत पोचून तिथल्या हरितलवकांना कामाला लावतो. पान हिरवं दिसतं ते थोडासा हिरवा जास्त परतल्यामुळे. हिरवा प्रकाश पुरता वाया जातो, हे काही खरं नाही.

८. मग लाल-जांभळ्या पानांचं काय?

त्यांत हरितद्रव्य असतंच. अँथोसायनिनसारख्या रंगद्रव्याने ते झाकलेलं असतं, इतकंच. पांढऱ्या ठिपक्यांच्या पानांत मात्र पांढऱ्या भागात हरितद्रव्य खरोखरच नसतं, तो भाग हिरव्या भागाच्या जिवावर जगतो.

९. पुस्तकात लिहिलंय की ग्लुकोज तयार होतं. तेच झाडभर फिरतं का?

ग्लुकोज हे हिशेबाच्या सोयीसाठी लिहितात. चक्रातून थेट बाहेर पडते ती तीन कार्बनची साखर (प्रश्न ६). तिच्यातली काही हरितलवकातच स्टार्च बनून दिवसभर साठते. बाकीची पेशीत सुक्रोज होते आणि रसवाहिन्यांतून मुळं, फळं, कोंब यांच्याकडे रवाना होते. सुक्रोज म्हणजे आपल्या डब्यातली साखरच. रात्री साठवलेला स्टार्च मोडून झाड गुजराण करतं.

१०. रात्री झाडं कार्बन डायऑक्साइड सोडतात. मग झोपायच्या खोलीत कुंडी ठेवणं धोक्याचं आहे का?

अजिबात नाही. झाडं श्वसन रात्रीच नव्हे, चोवीस तास करतात. दिवसा प्रकाशसंश्लेषणाचा वेग त्याच्या कितीतरी पट असतो म्हणून ते जाणवत नाही. कुंडीतल्या रोपाने रात्रभरात सोडलेला कार्बन डायऑक्साइड शेजारी झोपलेल्या माणसाच्या मानाने नगण्य असतो. कुंडीची भीती बाळगणाऱ्यांनी आधी घरच्या माणसांना खोलीबाहेर काढावं.

याच हिशेबाची दुसरी बाजूही ऐका. आरामात बसलेला माणूस मिनिटाला साधारण २५० मिलिलिटर ऑक्सिजन वापरतो. तेवढा भरून काढायला भर उन्हातली पानं धरली तरी १५-२० चौरस मीटर लागतील, आणि खोलीतल्या मंद उजेडात त्याच्या अनेक पट. दोन कुंड्यांनी खोलीची हवा ना बिघडते, ना सुधारते.

११. काही झाडं रात्रीही ऑक्सिजन देतात असं वाचलं. खरं आहे का?

नाही. ऑक्सिजन पाणी फुटल्यावर सुटतो आणि पाणी फोडायला प्रकाश लागतो (प्रश्न ३ आणि ४). अंधारात कोणतंही झाड ऑक्सिजन सोडत नाही, मग ते कितीही गुणी असो.

हा समज बहुधा एका खऱ्या गोष्टीतून आला असावा. निवडुंग, कोरफड, अननस, पानफुटी, सापासारखे पट्टे असलेली सॅन्सेव्हेरिया या वनस्पती दिवसा पर्णरंध्रं मिटून घेतात, म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही. रात्री गारव्यात ती उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि मॅलिक आम्लाच्या रूपात पेशींच्या रिक्तिकांत, म्हणजे साठवणीच्या पोकळ्यांत, भरून ठेवतात. सकाळी रंध्रं बंद करून तो साठा बाहेर काढायचा आणि उजेडात साखर करायची. म्हणजे रात्री कार्बन डायऑक्साइड घेतात हे खरं, पण ऑक्सिजन दिवसाच तयार होतो. पानफुटीचं पान सकाळी आंबट आणि दुपारी बेचव लागतं, अशी नोंद बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञाने भारतात असताना केली होती, ती १८१५ मध्ये छापली गेली. ती आंबट चव म्हणजे रात्रभर साठलेलं आम्ल.

१२. सी-३ आणि सी-४ वनस्पती म्हणजे काय?

कार्बन पकडल्यावर पहिला टिकाऊ रेणू तीन कार्बनचा असेल तर सी-३. गहू, भात, सोयाबीन आणि बहुतेक सगळी झाडं यात येतात. मका, ऊस, ज्वारी या सी-४. त्यांनी रुबिस्कोच्या धांदरटपणावर (प्रश्न ६) तोडगा काढला आहे. बाहेरच्या पेशींत एक वेगळं विकर कार्बन पकडतं, ते ऑक्सिजनला फसत नाही. त्यातून चार कार्बनचं आम्ल बनतं, ते शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन तिथे कार्बन डायऑक्साइड मोकळा केला जातो. रुबिस्को तिथेच असतं, आणि आजूबाजूला कार्बन डायऑक्साइडची इतकी गर्दी असते की चूक करायला वाव राहत नाही. हॅच आणि स्लॅक यांनी हा मार्ग १९६६ मध्ये मांडला.

या व्यवस्थेलाही जादा एटीपी लागतं, म्हणून थंड आणि सावलीच्या जागी सी-३ वनस्पतींचीच सरशी होते. प्रश्न ११ मधल्या वनस्पती हीच दोन कामं वेगवेगळ्या वेळी करतात, सी-४ वनस्पती वेगवेगळ्या जागी. परीक्षेत गोंधळ होतो तो इथे.

१३. जितकं जास्त ऊन तितकं जास्त प्रकाशसंश्लेषण, असं आहे का?

एका मर्यादेपर्यंतच. बहुतेक सी-३ पानं दुपारच्या उन्हाच्या पाव ते निम्म्या प्रकाशातच पोट भरून घेतात. पुढचा प्रकाश नुसता निरुपयोगी नसतो, घातक असतो. न वापरलेली ऊर्जा पाणी फोडणाऱ्या यंत्रणेतल्या प्रथिनांचं नुकसान करते आणि झाडाला ती सतत नवी बनवत बसावी लागतात. म्हणून पानं जादा ऊर्जा उष्णतेच्या रूपात टाकून देतात, काही तर कड बदलून उन्हाला पाठ फिरवतात. त्यात पाणी कमी असेल तर पर्णरंध्रं मिटतात आणि भर उन्हात कार्बन डायऑक्साइडची टंचाई होते. सावलीतली कुंडी एकदम कडक उन्हात नेली की पानं पांढुरकी होऊन करपतात, ते यामुळेच.

१४. खिडकीपासून दूर, दिव्याच्या उजेडात झाड जगेल का?

दिवा कोणता आणि किती जवळ, यावर आहे. प्रकाश सूर्याचाच हवा असं काही नाही, साध्या पांढऱ्या एलईडीतही झाडं उत्तम वाढतात. फसगत आपल्या डोळ्यांची होते. भर उन्हात सुमारे १ लाख लक्स प्रकाश असतो, उजळ वाटणाऱ्या खोलीत काहीशे. डोळा जुळवून घेतो, पानाला ते जमत नाही. प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन जिथे बरोबरीला येतात त्या प्रकाशाच्या खाली झाड साठा खात राहतं आणि काही महिन्यांनी आटोपतं.

१५. पानं पिवळी पडली म्हणजे प्रकाशसंश्लेषण थांबलं का?

मंदावलं, हे नक्की. पिवळा रंग आधीपासून पानात असतोच, हरितद्रव्य कमी झालं की तो दिसू लागतो. पान म्हातारं झालं की झाड हरितद्रव्य मोडतं आणि नायट्रोजन परत काढून घेतं, त्यात काळजीचं काही नाही. खालची जुनी पानं एकजात पिवळी होत असतील तर नायट्रोजन कमी असू शकतो. जुन्याच पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल तर मॅग्नेशियम. अशीच खूण कोवळ्या पानांवर असेल तर बहुधा लोह. पण कुंडीत सर्वांत जास्त वेळा कारण असतं ते अति पाणी, तेव्हा खताची पिशवी उघडण्याआधी मातीत बोट घालून बघा.

१६. हायड्रिला ही पाणवनस्पती उजेडात ठेवून ऑक्सिजनचे बुडबुडे बघायचा प्रयोग केला, बुडबुडेच येत नाहीत. काय चुकलं?

बहुतेक वेळा पाण्यात कार्बन डायऑक्साइड नसतो, विशेषतः उकळून गार केलेलं पाणी घेतलं असेल तर. चिमूटभर खायचा सोडा घाला. देठ ताजा कापा आणि कापलेलं टोक वर ठेवा. दिवा जवळ आणा, पण पाणी तापू देऊ नका. तापलेल्या पाण्यातून विरघळलेली हवाही बुडबुड्यांच्या रूपाने निघते आणि प्रयोग यशस्वी झाल्याचा भास होतो. म्हणून वनस्पतीशिवायची एक परीक्षानळी शेजारी ठेवावीच. ऑक्सिजन ओळखायला नळीत धरलेली धुमसती काडी पेटली नाही तरी खचू नका. नळीत जमलेला वायू शुद्ध ऑक्सिजन नसतो.

१७. पानाचा काही भाग झाकून, नंतर स्टार्च ओळखायला आयोडीन टाकलं, तरी पान निळं-काळं झालं नाही, किंवा झाकलेला भागही काळा झाला. का?

झाकलेला भागही काळा झाला तर रोप आधी अंधारात पुरेसं ठेवलेलं नव्हतं. किमान २४ तास, शक्य तर ४८ तास ठेवा, म्हणजे जुना स्टार्च संपतो. काहीच रंग आला नाही तर वनस्पती कोणती ते पाहा. कांद्याची पात स्टार्च साठवतच नाही, साखरच साठवते. जास्वंदीसारखं मऊ पान घ्या. आणि हरितद्रव्य काढताना स्पिरिट थेट ज्योतीवर कधीही तापवू नका. गरम पाण्याच्या भांड्यात स्पिरिटची नळी उभी करा आणि त्या वेळी ज्योत विझवलेली असू द्या.

१८. प्रकाशसंश्लेषण न करता जगणाऱ्या वनस्पती आहेत का?

आहेत. अमरवेल जवळजवळ सगळं अन्न यजमान झाडाकडून ओढते. रॅफ्लेसिया तर पूर्ण परजीवी. तिच्या एका जातीत हरितलवकाचा जीनोम शोधूनही सापडलेला नाही. बांडगूळ मात्र यात धरू नका. ते हिरवं असतं, पाणी आणि खनिजं चोरतं, पण साखर बरीचशी स्वतः बनवतं. कीटकभक्षी वनस्पतीही प्रकाशसंश्लेषण करतात. कीटक हवे असतात ते नायट्रोजनसाठी (प्रश्न २).

१९. ॲमेझॉनचं जंगल जगाला २० टक्के ऑक्सिजन पुरवतं, हे खरं का?

नाही. पक्व जंगल जेवढा ऑक्सिजन बनवतं, जवळपास तेवढाच तिथली झाडं, प्राणी, बुरशी आणि कुजवणारे जीवाणू वापरून टाकतात. निव्वळ शिल्लक शून्याजवळ. जगातलं सुमारे निम्मं प्रकाशसंश्लेषण समुद्रातले सूक्ष्म जीव करतात, पण हिशेब तिथेही तसाच. हवेतला २१ टक्के ऑक्सिजन ही कोट्यवधी वर्षांची बचत आहे. न कुजता गाळात गाडल्या गेलेल्या सेंद्रिय पदार्थांमागे उरलेली. जंगल वाचवायची कारणं भरपूर आहेत: साठलेला कार्बन, पाऊस, जीवसृष्टी. त्यासाठी चुकीचा आकडा कशाला हवा?

२०. माणसाच्या त्वचेत हरितलवकं बसवली तर जेवायची गरज उरणार नाही का?

उरेल. उन्हाकडे १ चौरस मीटर त्वचा आहे असं उदारपणे धरू. दिवसभरात तिच्यावर साधारण ४००० किलोकॅलरी ऊर्जा पडेल. शेतातली पिकं त्यातली १-२ टक्के पकडतात. म्हणजे ४० ते ८० किलोकॅलरी, आणि गरज २००० च्या आसपास. प्राण्यांमध्ये याच्या जवळ गेलेली म्हणजे एलिशिया क्लोरोटिका ही समुद्री गोगलगाय. ती शैवाल खाते, त्यातली हरितलवकं पचवण्याऐवजी पेशींत ठेवून घेते आणि महिनोन्‌महिने हिरवी राहते. आकारानेही ती हुबेहूब पानासारखी चपटी आणि पसरट असते.